डायलिसिस सुरू असताना लग्नकार्य, सणवार आणि पाहुणचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायलिसिस सुरू झालं की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. माणूस बोलावण्यांना जाणंच सोडून देतो, नाहीतर ‘एक दिवसानं काय होतंय’ म्हणून सगळं खातो आणि रात्री दम लागून तातडीनं बेड शोधावा लागतो. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी थोडा हिशोब ठेवावा लागतो आणि घरच्यांची साथ लागते. खालची मापं हिमोडायलिसिसवर, म्हणजे मशीननं रक्त शुद्ध करून घेणाऱ्या प्रौढ माणसासाठी आहेत. तुमच्या डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी रिपोर्ट बघून वेगळा आकडा दिला असेल, तर तोच धरायचा.

कार्याला गेलं तर चालेल ना? कोणता दिवस बरा?

जरूर जा, फक्त दिवस बघून जा. आठवड्याला तीन डायलिसिस असतील तर मध्ये एकदा दोन दिवसांची सुट्टी येते. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांना ती शनिवार-रविवारी पडते, मंगळवार-गुरुवार-शनिवारवाल्यांना रविवार-सोमवारी. या मोठ्या सुट्टीच्या शेवटी अंगात पाणी आणि पोटॅशियम सगळ्यात जास्त साचलेलं असतं. आणि बारशी, साखरपुडे, वाढदिवस असतात नेमके रविवारी! शुक्रवारी मशीनवर असलेल्या माणसानं रविवारी दुपारी भरपेट जेवणं म्हणजे मोठी जोखीम आहे.

तारीख कळली की पंधरा दिवस आधी युनिटमध्ये सांगा. शुक्रवारचा बेड शनिवारी सकाळी मिळाला तर रविवार बराच सुकर होतो. पण मग मोठी सुट्टी गुरुवार-शुक्रवारी येते, त्यामुळे त्या दोन दिवसांत हात आखडता ठेवायचा. डायलिसिस पुढे-मागे करता येतं, बुडवता येत नाही. आठवड्याला दोनच डायलिसिस होत असतील तर मधली सुट्टी आणखी लांब असते, तेव्हा खालची सगळी मापं अधिक कडकपणे पाळा.

सकाळी डायलिसिस आणि संध्याकाळी रिसेप्शन असंही जमतं. मधे दोन-तीन तास पडून राहायला मिळालं पाहिजे. डायलिसिसनंतरचा थकवा खरा असतो. ‘चल रे, गाडीतच तर बसायचंय’ असं म्हणून ओढून नेऊ नका.

पंगतीत बसल्यावर पानातलं काय घ्यायचं?

पानाच्या डाव्या बाजूपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त मीठ तिथेच असतं. लोणचं, पापड, सुकी चटणी सोडून द्या. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच असतं. लिंबाची फोड ठेवा, ती तुमच्या कामाची आहे: अळणी घासाला चव आणते आणि तहानही थोडी भागवते. काकडीची कोशिंबीर दोन चमचे चालेल, दाण्याचं कूट कमी असेल तर.

आता उजवी बाजू. अळूची पातळ भाजी नको. अळू ही पालेभाजी, वर हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे, म्हणजे पोटॅशियमच्या तिन्ही वाटा एकत्र. बटाट्याची भाजी साधी दिसते, पण बटाटे सालासकट कुकरला लावलेले असतात. साल असल्यामुळे पोटॅशियम आतच राहतं. १०० ग्रॅम बटाट्यात ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असतं, आणि दिवसभराची मर्यादा साधारण २००० मिलिग्रॅम. त्यामुळे चवीपुरता एक चमचा.

वरण-भात-तूप घ्या, पण वरण अर्धी वाटी आणि तेही पाण्याच्या हिशोबात धरून. मसालेभात थोडा, काजू बाजूला काढून. पुरी दोन-तीन. मठ्ठा नको: त्यात मीठही आहे, पाणीही आहे आणि दुधातलं पोटॅशियमही आहे. गोडात जिलबी बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल इतकी निर्धोक असते, कारण मैदा आणि साखर या दोन्हींत पोटॅशियम अगदी कमी. अर्थात मधुमेह नसेल तरच. श्रीखंड दोन चमचे.

फॉस्फरसची गोळी, म्हणजे बाइंडर, खिशात टाकून न्या. ती पहिल्या दोन-चार घासांबरोबरच घ्यायची असते. ती आतड्यात अन्नातला फॉस्फरस धरून ठेवते. घरी परतल्यावर दोन तासांनी घेतली तर धरायला काही उरलेलंच नसतं. कार्याच्या दिवशी सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोळी हीच.

पाणी किती प्यायचं? चार घरी गेलं की चार चहा होतात.

नेहमीचं सूत्र असं: काल चोवीस तासांत जेवढी लघवी झाली तेवढं, अधिक ५०० मिली. लघवी पूर्ण थांबली असेल तर जवळपास ५०० मिलीच. यात चहा, दूध, ताक, आमटीचं पाणी, आइस्क्रीम, बर्फ, गोळ्यांबरोबरचा घोट सगळं आलं.

तोंडी हिशोब टिकत नाही, म्हणून बाटलीची पद्धत वापरा. सकाळी एका बाटलीत दिवसाचा कोटा मोजून भरायचा, समजा ७०० मिली. पाणी प्यायचं ते याच बाटलीतून. कुठे १०० मिली चहा घेतला की घरी आल्यावर तेवढंच पाणी बाटलीतून झाडाला घालायचं. मामींकडे एक कप, आत्यांकडे एक कप, शेजारी सरबत, असं झालं की संध्याकाळी बाटलीच्या तळाशी बोटभर पाणी दिसतं. ते डोळ्यांना दिसलं की पुढच्या घरी ‘अर्धाच द्या’ हे आपोआप तोंडातून येतं.

दोन डायलिसिसमध्ये वाढणारं वजन हे पाण्याचंच असतं: एक लिटर म्हणजे एक किलो. ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, ६० किलो असेल तर वाढ साधारण २ ते २.४ किलोच्या आत हवी. मशीननं पाणी किती वेगानं काढायचं यालाही मर्यादा आहे, किलोमागे तासाला १३ मिलीच्या आसपास. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं चार तासांत तीन लिटर. त्याहून जास्त ओढायला गेलं की पायांत गोळे येतात, बीपी खाली जातं, आणि मग घरचे म्हणतात, ‘डायलिसिस मानवत नाही.’ मानवत नाही ते रविवारचं जेवण असतं.

तहानेचं मूळ बहुधा मिठात असतं. अंगात गेलेलं सुमारे ९ ग्रॅम जादा मीठ एक लिटर पाणी धरून ठेवतं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे सगळ्या स्वयंपाकाचं मिळून सपाट एक छोटा चमचा. तोंड कोरडं पडलं तर गार पाण्यानं खळखळून चूळ भरा, लिंबाची फोड चोखा, लवंग धरा.

आमच्याकडे जेवायला येणार आहेत. वेगळा स्वयंपाक करायचा का?

नाही. वेगळं ताट वाढलं की माणूस एकटा पडतो. नेहमीच्याच स्वयंपाकात चार गोष्टी करा.

भाजी-आमटीत मीठ शेवटी घाला आणि त्याआधी त्यांची वाटी बाजूला काढा. बटाटा, सुरण, रताळं, पालेभाजी करायची असेल तर सोलून बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेकून द्या, मग फोडणीला टाका. बटाटा नव्या पाण्यात दुसऱ्यांदा उकळला तर आणखी पोटॅशियम जातं. नुसतं भिजवून ठेवण्यापेक्षा उकळलेलं कधीही बरं. चव मिरी, जिरं, लसूण, आलं, लिंबू, कोकम यांनी आणा. तयार मसाला, सॉस, सूपची पाकिटं वापरू नका. आणि पाण्याचा तांब्या-भांडं त्यांच्यासमोर न ठेवता छोटा पेला ठेवा.

सगळ्यात मोठी मदत म्हणजे आग्रह न करणं. ‘माझ्या हातची एक तरी घ्या’ हे प्रेमानं म्हटलेलं असतं, पण आजारी माणसाला पाचव्यांदा नाही म्हणायला फार जड जातं. आग्रह करायचाच तर गप्पांना थांबण्याचा करा.

कमी सोडियमचं मीठ किंवा सैंधव चालेल का?

कमी सोडियमचं मीठ अजिबात नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपीवाल्या काकांसाठी चांगलं म्हणून घरात आणलेला पुडा डायलिसिसवाल्याच्या ताटात जाणं धोक्याचं आहे. खरेदी करताना पाकिटावरचे घटक वाचा. सैंधव, पादेलोण ही शेवटी मीठच आहेत, तीही मोजूनच.

पुरणपोळी, मोदक, दिवाळीचा फराळ?

पुरणाची डाळ शिजवून पाणी काढलं की डाळीतलं बरंचसं पोटॅशियम त्या कटात उतरतं. म्हणून पुरणपोळी अर्धी खा, तुपाबरोबर, पण कटाची आमटी सोडा. पुष्कळ घरी नेमकं उलटं होतं: पोळी जड म्हणून टाळतात आणि आमटी हलकी म्हणून दोन वाट्या पितात.

उकडीच्या मोदकाचं पीठ तांदळाचं, ते चालतं. सारणात नारळ आणि गूळ, दोन्हींत पोटॅशियम. साखरेत ते जवळपास नसतं, म्हणून डायलिसिसवाल्याचे दोन मोदक साखरेच्या सारणाचे करा. पंचामृत तळहातावर मावेल इतकंच.

फराळात रव्याचा लाडू बेसनाच्या लाडवापेक्षा बरा. शंकरपाळी, बेदाणे न घातलेली करंजी, एखादं अनारसं चालेल. चिवड्यात दाणे, डाळं, सुकं खोबरं आणि मीठ सगळंच असल्यामुळे घरी पातळ पोह्यांचा नुसता मिरची-कढीपत्त्याचा करा, मीठ चिमूटभर. खायचा सोडा घातलेला ढोकळा फुगतो तो सोडियमच्या जोरावर, हे लक्षात असू द्या. कोजागिरीचं मसाला दूध अर्धा कप घेऊन बाटलीतून वजा करा, वरचा सुकामेवा काढून.

एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार: उपवास करू का?

निर्जळी उपवास नको. डायलिसिसवर पाणी कमी लागत असलं तरी गोळ्या आणि जेवण चुकवून चालत नाही. फराळी उपवास करायचाच असेल तर साबुदाण्यात स्वतःचं पोटॅशियम नगण्य आहे. खिचडी अडचणीची होते ती बटाट्यानं आणि दाण्याच्या कुटानं. कूट एक चमचा, बटाट्याऐवजी काकडी, एवढं केलं की वाटीभर खाता येते. वरीचा भात चालतो. रताळं, राजगिरा, खजूर, शिंगाडा, वेफर्स नकोत. मात्र या सगळ्यात प्रोटीन नाही, त्यामुळे सलग नऊ दिवस असं राहू नका.

भेटायला येणारे फळं, शहाळं आणतात.

एका शहाळ्याच्या पाण्यात ५०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं. आजाऱ्याला शहाळं नेण्याची आपली रीत आहे, पण इथे ती उलटी पडते. केळं, मोसंबी-संत्र्याचा रस, चिकू, सुकामेवाही नको. सफरचंद, नासपती, अननस यांतलं एक, दिवसाला साधारण १०० ग्रॅम. आंब्याच्या दिवसांत छोट्या हापूसच्या दोन फोडी, आमरसाची वाटी नको.

एक फळ मात्र कधीच नाही: कमरख, म्हणजे स्टार फ्रूट. त्याला काही ठिकाणी करंबळ म्हणतात. परसात झाड असतं म्हणून लोणच्यात, सरबतात येतं. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते, निकामी किडनीला ते जमत नाही. न थांबणारी उचकी, बडबड, मग झटके येतात. एखादं फळही पुरतं. चुकून खाल्लं गेलं तर उचकीची वाट न बघता डायलिसिस युनिट गाठा.

‘किडनीला डाळ, अंडी, मासे वाईट’ असं सगळे सांगतात.

हा सल्ला डायलिसिसच्या आधीच्या काळातला असतो. तेव्हा प्रोटीन कमी ठेवतात. डायलिसिस सुरू झालं की प्रोटीन मशीनमधून वाया जातं आणि गरज वाढते: किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. अंड्यातला पांढरा भाग सगळ्यात सोयीचा, एका अंड्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास. ताजे मासे, चिकन चालतात. सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा मात्र मिठामुळे नको. शाकाहारी माणसानं डाळ, पनीर किती घ्यायचं ते आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावं. अज्ञानातून प्रोटीन तोडलेला माणूस महिन्याभरात सुकतो, आणि ते वजन कमी झालेलं पाण्याच्या वजनाखाली झाकलं जातं.

मधुमेह आहे. लग्नात जेवण उशिरा झालं तर?

किडनी निकामी असली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे साखर खाली जाण्याची भीती अधिक. ताट समोर आल्यावरच इन्सुलिन घ्या. घाम, थरथर, चक्कर आली तर संत्र्याचा रस नको: तीन सपाट चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर थोड्याशा पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी.

फिस्टुलाच्या हातात बांगड्या, मेंदी चालेल का?

फिस्टुला म्हणजे डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातात ऑपरेशननं जोडून केलेली रक्तवाहिनी. त्या हातात घट्ट बांगड्या, घड्याळ, घट्ट बाहीचा ब्लाउज नको. हिरवा चुडा दुसऱ्या हातात भरा. मेंदी तळव्यावर काढा, सुई टोचतात तो भाग मोकळा ठेवा, नाहीतर लाली किंवा सूज दिसत नाही. त्या हातावर नातवाला झोपवू नका, जड पिशवी धरू नका, बीपी मोजू देऊ नका, रक्त काढू देऊ नका.

रोज सकाळी आणि कार्यातून परतल्यावर फिस्टुलावर बोटं ठेवा. मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. ती थांबली असेल तर सकाळची वाट बघू नका. गुठळी काढायला उशीर झाला की फिस्टुला हातचा जातो.

सुईच्या जागेतून रक्त आलं तर टॉवेल गुंडाळू नका, रक्त आत मुरत राहतं आणि कळत नाही. नेमक्या जागी स्वच्छ कापडावरून बोटानं घट्ट दाबा, हात वर उचला, पंधरा मिनिटं मधेच उघडून बघू नका. रक्त उसळून येत असेल तर दाब तसाच ठेवून १०८ ला फोन करा.

मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, असेल तर रंगपंचमी, धबधबा, नदीतलं स्नान यांपासून लांब राहा. ड्रेसिंग ओलं झालं की जंतू थेट रक्तात जायला वाट मिळते.

दुसऱ्या गावी कार्य आहे, चार दिवस राहायचंय.

तिथल्या युनिटला दोन-तीन आठवडे आधी फोन करून बेड पक्का करा, मगच तिकीट काढा. सोबत न्यायचं: हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे अलीकडचे रिपोर्ट, शेवटच्या तीन डायलिसिसच्या शीटची प्रत, ड्राय वेट, डायलायझरचा (मशीनवरच्या गाळणीचा) प्रकार, हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) डोस, गोळ्यांची यादी. रक्तवाढीचं इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात राहायला हवं. बर्फाला चिकटून गोठलं तर ते वापरू नका.

पोटाचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी करणाऱ्यांनी कार्यालयाच्या गजबजलेल्या खोलीत पिशवी बदलू नये. लॉजची खोली घ्या, खिडक्या आणि पंखा बंद, मास्क, हात धुऊन कोरडे. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं तर पिशवी जपून ठेवून त्याच दिवशी युनिटला कळवा.

मित्रांबरोबर दारू?

आधी डॉक्टरांना विचारा. एक गोष्ट हिशोबानं सांगतो: बिअरची मोठी बाटली ६५० मिलीची असते. लघवी थांबलेल्या माणसाचा तो पूर्ण दिवसाहून जास्त कोटा झाला, वर खारे दाणे वेगळेच.

एकत्र जेवल्यानं किडनीचा आजार लागतो का?

नाही. एका ताटात जेवा, मुलांना कुशीत घ्या.

किडनी बदलली आहे. आता सगळं चालतं ना?

पाण्याचं बंधन बहुतेकदा सुटतं, गोळ्यांचं सुरू होतं. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी ठरलेल्या वेळी घ्यायची असते. वरात उशिरा निघाली तरी गजर वाजला की गोळी. गणपतीच्या दिवसांत येणारं पपनस आणि ग्रेपफ्रूट खाऊ नका, त्यांनी या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. पाणीपुरी, उघडी चटणी, कापून ठेवलेली फळं नकोत. पहिले काही महिने गर्दी टाळा, पुढेही मास्क ठेवा. घरात कोणाला कांजिण्या किंवा ताप असेल तर बोलावणाऱ्यांनी आधीच फोन करून सांगावं.

अंग दुखतंय म्हणून कुणाच्या पर्समधली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. हे डायलिसिसवर नसलेल्या किडनीरुग्णांनाही तितकंच लागू आहे.

कार्य सोडून लगेच कधी निघायचं?

आडवं झाल्यावर दम लागला, पायांतली ताकद अचानक गेली, छातीत धडधड होतेय किंवा नाडी फार मंद लागतेय, तर उशीर नको. पोटॅशियम वाढलं की हृदय थांबू शकतं आणि त्याआधी दुखत काहीच नाही. दवाखान्यात शिरताच सांगा: ‘डायलिसिसचा पेशंट आहे, ईसीजी काढा.’

सगळे नातेवाईक जमलेत. किडनी कोण देणार, हे आत्ताच विचारू का?

चारचौघांत विचारू नका. भरल्या घरात विचारलं की ‘हो’ हे भिडेपोटी येतं. एकेकाशी वेगळं बोला, किंवा त्यांना थेट नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीतज्ज्ञाकडे) पाठवा; तिथे नकार देता येतो. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनंतर जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं. सून, जावई, मेव्हणे, चुलत भावंडं द्यायला तयार असतील तर प्रकरण प्राधिकार समितीपुढे जातं. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत जवळच्या नातेवाइकांची अदलाबदल कायद्यानं करता येते.

जमलेल्या भावंडांना एक मात्र आवर्जून सांगा. मधुमेह, बीपी किंवा किडनीत गाठींचा आनुवंशिक आजार घराण्यात असेल तर क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि बीपी प्रत्येकानं तपासून घ्यावं. गाठींच्या आजाराच्या नेहमीच्या प्रकारात प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते, आणि तिथे सोनोग्राफीही लागते.